रिकाम्या पुड्यांचं दान

सकाळच्या पहिल्या घावनाबरोबरच डॉक्टर दत्तारामांचं कॅन्सर निधीचं पुराण सुरू होई, आणि त्यांची विधवा वहिनी सत्यवती चुलीपाशी बसून ते ऐके. साल बासष्ट. मुंबईत मूत्रपिंडाचे रोग शिकून मालवणात परतलेला माणूस कॅन्सर निधीचा अध्यक्ष कसा झाला? सोपं आहे. कॅन्सर म्हटलं की लोक खिशात हात घालतात. मूत्रपिंड म्हटलं की हसतात.

निधीला खरा जोर दिला तो दुकानदार दाजींनी. डोकेदुखीच्या लाल पुडीचं रिकामं पाकीट परत आणा, प्रत्येकी एक नवा पैसा निधीत. पुण्य गिऱ्हाइकाचं, खप दाजींचा. या पुडीतल्या औषधाने मूत्रपिंडं झिजतात, असं डॉक्टरांनी विलायती मासिकांत वाचलं होतं. पण किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या परशुराम रापणकाराच्या घशात गाठ होती, त्याला मुंबईला न्यायला तीनशे रुपये हवे होते, आणि वर्गणीची पावती फाडताना मासिक आठवत नाही.

आज शाळेच्या पटांगणात समारंभ होता. सर्वांत जास्त पाकिटं देणाऱ्या राधाबाईंचा, म्हणजे डॉक्टरांच्या आईचा, सत्कार व्हायचा होता. आईने ती शेजारपाजारून जमवली असतील, असं डॉक्टर धरून चालले होते. धडधाकट राधाबाईंनी जन्मात पुडी तोंडात घातली नव्हती.

सकाळी दवाखान्याकडे निघताना वहिनीने रिकाम्या पाकिटांचा शेवटचा डबा पुढे केला. एकूण अकराशे चाळीस झाली, म्हणाली.

"कोणाकडसून मेळवलंस, वयनी?"

"कोणाकडसून कित्याक? माजीच आसत."

दाजींची योजना सुरू झाल्यापासूनचे आठ महिने, दिवसाला चार-पाच. त्याआधीची दहा वर्षं दोन-दोन होत्याच. पहाटे चारला चूल, दिवसभर धूर, एकवेळचं जेवण. डोकं दुखायचं, आणि त्या घरात विश्रांतीपेक्षा पुडी स्वस्त पडत होती. हळदीकुंकवाच्या वर्गणीत तिचे पैसे घेत नव्हते. हे एकच दान विधवेला चाललं, तेही सासूच्या नावावर. राधाबाईंनी दारातूनच खुलासा केला, "पांढऱ्या कपाळाचा नाव सभेत घेनत नाय."

डॉक्टरांनी वहिनीच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. रात्री किती वेळा उठतेस, असं विचारल्यावर ती लाजली. तासाभराने दवाखान्यात त्यांनी तिची लघवी तपासली. पाण्यासारखी फिकट होती, आणि तापवल्यावर गढूळ झाली, म्हणजे मूत्रपिंडं झिजली होती. तालुकाभरच्या लोकांची त्यांनी तपासली होती. घरातली ही पहिली.

संध्याकाळी सभेत त्यांनी हातातल्या कागदावरचं आईचं नाव खोडलं आणि सत्यवतीचं वाचलं. मग ही पुडी काय करते ते सांगितलं. आपल्याला ठाऊक होतं आणि आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं. पाकिटांचे पैसे निधी घेणार नाही, म्हणाले.

दाजी शांतपणे उठले. "डॉक्टरांनू, मगे परशुरामाक मुंबयक धाडूचो कसो?"

पुढच्या रांगेत परशुराम गळ्याला पंचा गुंडाळून बसला होता. डॉक्टरांनी बोटातली सोन्याची अंगठी काढून टेबलावर ठेवली. टाळी कोणीच वाजवली नाही.

घरी वहिनी चुलीपाशीच होती. सभेची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"माजा येकच दान होता," ती म्हणाली, "तां पण परत केलंस?" मग कपाळ दाबत, "पुडी बंद. बरा. पण सकाळी चारांक उठान हां सगळा करतला कोण?"

 रक्त तपासायला तिला मुंबईला न्यायला हवं होतं, आणि तिथेही झिजलेली मूत्रपिंडं कोणी भरून देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर खवणीच्या आडाळ्यावर बसून नारळ खोवू लागले. राधाबाई दारात थिजल्या. "पुरुष माणसान ह्या करूचा?"

"वयनी निजली आसा, आये. तिका उठव नको."

निम्मा खव ताटाबाहेर सांडत होता. जरा वेळ पाहून राधाबाई आत आल्या आणि त्यांनी चुलीत लाकूड सारलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत धूर गेला.