आत्यानं पाहिलेली मिशी

"मिशी होती गं, या डोळ्यांनी पाहिली मी!" दूधवाल्या आत्यानं चरवी दाणकन खाली ठेवली. "उगाच माझ्या अंगावर येऊ नकोस. तुझा नवराच होता तो."

"धुक्यात तुम्हाला स्वतःची म्हैस दिसत नाही, आणि बांधावरून पळणाऱ्याची मिशी दिसली?" लोहारीण कमरेवर हात ठेवून अंगणातच उभी होती. "केस किती होते तेही सांगून टाका की!"

झालं होतं असं. मळेवाल्यांची कडब्याची गंजी पहाटे पेटली. वर्षाचा चारा डोळ्यांदेखत राख झाला. आत्या तेव्हा धार काढायला निघाली होती, तिला बांधावरून कुणीतरी पळताना दिसलं. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "काहीतरी गेलं बाई सर्रकन. माणूस होता का वासरू, देव जाणे."

पण गावाला वासरू काय कामाचं? वासराला कोठडीत घालता येत नाही. न्हाव्यानं विचारलं, "उंच होता का आत्या?" आत्या म्हणाली, "असेल." गिरणीवाल्यानं विचारलं, "आणि मिशी?" आत्या म्हणाली, "असेल की." दिवस मावळेपर्यंत त्या 'असेल'चं 'होती' झालं. पुढं पळणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडं आलं, मग हातात टेंभा आला. आत्या जितक्यांदा सांगे तितकं तिला जास्त स्वच्छ दिसायला लागलं. त्यात लोहाराचं आणि मळेवाल्यांचं नुकतंच वाजलेलं. नांगराच्या फाळाला पाणी नीट दिलं नाही, धार लगेच गेली म्हणून त्यांनी त्याला चारचौघांत हलकट म्हटलं होतं, आणि त्यानं तोच फाळ त्यांच्या पायाशी भिरकावला होता. अंगरखा गावानं आधीच शिवून ठेवला होता, आता तो बसेल असं अंगही सापडलं.

ओळख पटवायला फौजदारांनी माणसं रांगेत उभी केली. दोन शिपाई, ठाण्याचा झाडूवाला, समोरचा चहावाला आणि लोहार. बाकी सगळे सफाचट, मिशी एकट्या लोहाराला. आत्यानं तरातरा जाऊन त्याच्या छातीवर बोट ठेवलं.

"शाब्बास आत्या! नजर भलतीच तेज तुमची!" फौजदार म्हणाले. त्या शाब्बासकीनं आत्याच्या मनातली उरलीसुरली शंकाही धुऊन निघाली. "त्या पहाटे ते माझ्या शेजारी झोपले होते," असं लोहारीण सांगायला गेली, तर फौजदार हसले. "बायको दुसरं काय सांगणार?" लोहार कोठडीत गेला.

अंगणातल्या भांडणातूनही काही निघालं नाही. लोहारीण घरी आली. भट्टी थंड, ऐरणीवर धूळ. खुंटीवर नवऱ्याचा सदरा तेवढा लोंबत होता. तिनं तो खाली काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तसंच दाट धुकं पडलं. लोहारणीनं नवऱ्याचा सदरा आणि विजार चढवली, डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि बांधाआड जाऊन बसली. आत्या चरवी घेऊन बाहेर पडली, तशी ही तिच्या समोरून धूम पळाली.

"अगं बाई! लोहार सुटला! धावा रे, लोहार सुटला!"

न्हावी, गिरणीवाला, मळेवाले, हाताला लागेल ते घेऊन सगळे धावले. कुणी ठाण्यावर पळालं. आत्या सांगत होती, "तोच मेला! वळून बघितलं माझ्याकडं. मिशीला पीळ देत होता!"

फौजदार मोटारसायकलवरून आले. "कोण सुटला? लोहार कोठडीत आहे. मी आत्ता त्याला बघून आलोय."

"मग मी खोटं बोलते? मिशी पाहिली मी!"

"ही घ्या मिशी." लोहारीण गर्दीत शिरली आणि तिनं डोक्यावरचं घोंगडं खाली टाकलं. गाल आत्यापुढं करून म्हणाली, "पीळ राहिला असेल तर द्या."

गिरणीवाला उगाच खोकला. आत्यानं डोळे बारीक करून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लाजेल म्हणावं, तर एकदम टाळी वाजवून म्हणाली, "बघा! मी पहिल्यापासून सांगत होते, ते पळणं बाईचंच होतं. गंजी हिनंच पेटवली!"

आणि न्हाव्यानं मान डोलावली. "मलाही तसंच वाटलं होतं."

"तोंड बंद ठेवा आत्या," फौजदार खेकसले. पुढचं हसं आपलंच होणार, हे कळण्याइतकी अक्कल त्यांना होती. दुपारी त्यांनी लोहाराला सोडलं. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. गंजी कुणी पेटवली याची चौकशीही मग कुणी केली नाही.

घरी येताना लोहारीण वाटभर एकेकाचा उद्धार करत होती. आत्या आंधळी, न्हावी शेपूटहलव्या, फौजदार बिनडोक. ओढ्याशी लोहार थांबला.

"एक विचारू? त्या पहाटे मी खरंच घरी होतो ना?"

ती वळून त्याच्याकडं बघायला लागली.

"इतक्यांदा सांगितलं त्यांनी," तो खाली बघत म्हणाला, "की आता मला तो बांध दिसतो. हातातला टेंभा दिसतो. त्याची धग लागते."

"घरी होता तुम्ही. माझ्या शेजारी."

"नक्की?"

"कूस बदललीत. खोकलात. पांघरूण ओढलंत माझ्या अंगावरचं."

चार पावलं गेल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. घर येईपर्यंत ती सांगतच राहिली, दर वेळी जरा जास्त ठासून, दर वेळी एखादी नवी गोष्ट घालून: त्यानं पाणी मागितलं, तिनं तांब्या दिला, तो पडल्या पडल्याच प्यायला. खरं तर त्या पहाटे तीही गाढ झोपली होती.