बाटलीतलं गोंदण

वैभवीची तपकिरी भुकटी रंग खाणारी, मोठी खादाड होती. विजेचे आणि चुंबकाचे गुण एकदमच अंगात बाळगणारी, आणि कण डोळ्यांना दिसू नयेत इतकी बारीक. रंगाने निळ्या झालेल्या पाण्यात चिमूटभर टाकून बाटली उन्हात ठेवली, की दोन तासांत पाणी नितळ. मग चुंबकाने भुकटी काचेशी ओढायची आणि पुन्हा वापरायची. लवळ्याच्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत चार वर्षं प्रबंधासाठी वैभवीचं हेच चाललं होतं.

बाटल्या धुवायला खालच्या धनगरवस्तीतून तुकाबाई यायच्या. गच्चीवर उन्हात बसून उघड्या हातांनी धुवायच्या आणि उरलीसुरली भुकटी एकाच बाटलीत जमवायच्या. हातमोजे आणायचं वैभवीच्या कितीदा मनात आलं, पण "नुसतं पाणीच आहे हो, मावशी," म्हणून तिने वेळ मारून नेली होती.

त्या दुपारी तुकाबाईंनी हात पुढे केला. कोपरापर्यंतचं हिरवं गोंदण पार गेलं होतं.

"पोरी, हितं मालकाचं नाव हुतं. मेल्यावर माणसासंगं गोंदणच तेवढं जातंय. आता तितं मालक मला कशावरनं वळखायचं?"

वैभवीने तो हात हातात घेतला. "नाव सांगा, मावशी. पुन्हा गोंदून घेऊ."

"नाव मी कसं घेऊ? आन नवं काय कामाचं? जत्रंत माजा हात धरून त्येंनी गोंदवल्यालं ते."

वैभवीला त्यांच्याकडे बघवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने भुकटी जमवलेली ती बाटली उचलली आणि चुंबक लावला. एरवी भुकटीचा गोळा व्हायचा. आज बारीक रेघा उमटल्या.

"गेणू," वैभवीने वाचलं.

तुकाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

वैभवीने चुंबक काढला, तरी अक्षरं खाली बसली नाहीत. काचेवरून सरकत ती तुकाबाईंच्या हाताकडे गेली. तिने बाटली फिरवली. अक्षरं पुन्हा तिकडेच आली.

प्रबंधाची शेवटची चाचणी याच भुकटीवर अडली होती, उद्या ही भुकटी भट्टीत तापवायची होती. वैभवीने उजेडात भुकटी अक्षरंही खाईल म्हणून बाटलीला चंदेरी कागद गुंडाळला आणि ती तुकाबाईंच्या हातात दिली. तिला भीती वाटत होती आणि लाजही.

"वस्तीत सांगून ठिवते, मी गेल्यावर हिला माज्यासंगं मातीत ठिवा म्हनून," तुकाबाई म्हणाल्या.

पायऱ्या उतरताना त्या पदराआड बाटलीशी हळूहळू बोलत होत्या. मध्येच गप्प होऊन कान देत, आणि मग म्हणत, "व्हय."