आरशाला तीट

“आजबी न्हाई घावलं?” अंबूबाईंनी दारातूनच विचारलं, आणि सुहासिनीला मान वर करवेना.

मिरजेच्या इस्पितळात ती रोग्यांचे नमुने तपासायची. अंबूबाईंचा लेक हंबीरराव ब्रह्मदेशच्या लढाईतून परतला तो आव घेऊनच. रक्त जाऊन जाऊन गड्याचं पार चिपाड झालं होतं. आवेच्या जंतूंवरचं इंजेक्शन हृदयाला जड. जंतू जिवंत हलताना दिसल्याशिवाय डॉक्टर ते टोचणार नव्हते. आणि सुहासिनीला काचेखाली दिसायच्या नुसत्या गोल, निपचित पेशी. जंतू की पू, देव जाणे! काही सुटू नये म्हणून तिने तर सूक्ष्मदर्शकाचा, काचेवर उजेड पाडणारा आरसा थेट उन्हाकडे वळवला होता.

बाहेर बाकावर कुणाचं तरी तान्हं निजलं होतं आणि बायका त्याच्याभोवती जमल्या होत्या. अंबूबाईंनी त्याच्यावर पदर घातला. “लय बघू नगा गं. बघून बघूनच कोमेजतं लेकरू.”

सुहासिनी चपापली. आपलंही बघणंच बाधत नसेल कशावरून?

दुसऱ्या एका रोग्याच्या नमुन्यात जंतू इतके असत, की पहिल्या नजरेलाच हलताना दिसत. त्याच्या तिने तीन काचा केल्या. एक लख्ख उजेडात ठेवली. दुसरीसाठी चिमणीवर वेगळी काच धरून काजळी चढवली आणि ती काळी काच आरशापुढे उभी केली. तिसरी झाकून ठेवली, अगदी शेवटी बघायला. मग घड्याळ पुढ्यात घेऊन बसली. उजेडातले जंतू बघता बघता गोळा होऊन थिजले. काजळीआडचे कितीतरी वेळ सरपटत राहिले, आणि झाकलेले तर मजेत होते. पण एवढ्याने पटेल तर ती सुहासिनी कसली! काजळी दाट-पातळ करून तिने पुन्हा पुन्हा वेळ मोजली. उजेड जितका कमी, तितका जीव टिकत होता.

मग हंबीररावाचा ताजा नमुना घेतला. अंधुक उजेडात डोळे दुखून पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे एका पेशीने हळूच पाय पुढे काढला. तिने डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर बराच वेळ वाकून होते. “उन्हाकडे आरसा वळवायला मीच शिकवलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले, आणि इंजेक्शन तयार करायला सांगून वॉर्डाकडे गेले.

आत येऊन अंबूबाईंनी काळ्या काचेकडे बोट दाखवलं. “ही काय गं भानगड?”

“तीट लावलीय, मावशी. माझी नजर लागत होती जंतूंना.”

“माझ्या लेकाच्या वैऱ्याला तीट?”

“वैरी जिताच धरायला हवा होता.”

अंबूबाई कित्येक दिवसांनी हसल्या. सुहासिनीच्या गालाला काजळी लागली होती. ती पुसायला गेली तसा त्यांनी तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे, पोरी,” त्या म्हणाल्या. “तुलाबी लागती.”