बोलल्याचे पैसे

अक्षराचा पहिला पगार झाला, तेव्हा तिनं आजी-आजोबांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं. दत्तोपंतांना हॉटेलातलं खाणं मानवत नसे. पण प्रमोदिनीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, तपासणीसाठी तुळजापूरहून धाराशिवला जायचंच होतं आणि नातीचं मन मोडवत नव्हतं. दवाखाना आटोपून तिघं स्टँडजवळच्या एका हॉटेलाचा जिना चढून वर जाऊन बसली.

वाढायला आलेला माणूस साठीकडं झुकलेला होता. अंगानं वाळका, केस पांढरे, शर्ट मात्र धुवट. प्रमोदिनीबाईंचा काळा चष्मा त्यानं एकदाच पाहिला आणि न सांगता पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला. ताट ठेवताना हळू आवाजात सांगितलं, डाव्या अंगाला शेंगाचटणी हाय, तिखट हाय, जपून घ्या. भाकरी गार व्हायच्या आत दुसरी आणायचा. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, घरीसुद्धा इतकं कुणी बघत नाही.

जेवण झालं, बडीशेपेच्या ताटलीत बिल आलं. अक्षरानं पैसे भरले आणि ताटलीत शंभराची एक नोट वेगळी ठेवली. दत्तोपंतांनी ती उचलून तिच्या हातात परत दिली.

"बिल दिलंस ना? मग हे कशाला? त्यांना मालक पगार देतो. असे वरचे पैसे टाकले की माणूस लाचार होतो."

तो माणूस शेजारीच पेले उचलत होता. अक्षराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्हालाही लोक देतच होते की."

हे दत्तोपंतांना लागलं. चाळीस वर्षं त्यांनी तुळजापुरात उपाध्येपण केलं होतं. गावोगावचे यजमान नवस फेडायला आले की त्यांच्याकडंच उतरायचे. पूजा सांगायची, नैवेद्याचं बघायचं, आणि यजमान पाया पडून जे ठेवील ते घ्यायचं. "ती दक्षिणा," ते जरा आवाज चढवून म्हणाले. "तिच्यात मान असतो. ही नुसती बक्षिशी."

त्या माणसानं हातातले पेले खाली ठेवले.

"महाराज, तुम्ही दत्तोपंतच न्हवं? आवाजावरनं वळखलं. मी कल्याणप्पा, माकणीचा. आमचं गाव तुमच्याकडंच उतरायचं."

दत्तोपंतांचा चेहरा उजळला. माकणीची दोन-चार घरं त्यांनी नावानिशी विचारली. कल्याणप्पानं सगळ्यांची खबर दिली. मग म्हणाला, मी बी येऊन गेलोय. पोरीचं जावळ काढाय आल्तो, बावीस-तेवीस वर्षं झाली.

"असं का? मग पूजा मीच सांगितली असणार."

"व्हय. पूजा लई चांगली सांगितली. म्या अकरा रुपये आन् नारळ ठिवला. तुम्ही ते पैसे माझ्याकडं सारले. म्हणलात, हे राहू दे, परतीच्या एस.टी.ला कमी पडतील. चार गावची माणसं बसली हुती. हसली."

तो हे तक्रारीसारखं बोलला नाही. गावाकडची आणखी एक खबर द्यावी तसं बोलला. दत्तोपंत म्हणाले, मला काही आठवत नाही.

"तुमाला कसं आठवंल, रोजची शंभर माणसं. मानाचं बोलत हुता म्हणून तोंडातनं गेलं. माफी असावी."

तो पेले उचलून निघाला. अक्षरानं उठून ती नोट पुन्हा त्याच्यापुढं धरली. त्यानं मान हलवली. "आज नको, ताई. आज घेतले तर बोलल्याचे पैसे घेतल्यागत व्हईल."

घरी आल्यावर दत्तोपंत कोनाड्यातल्या यजमानांच्या जुन्या वह्या काढून बसले. माकणीच्या पानावर नावं होती, कल्याणप्पाचंही होतं, त्याच्या बापाचंही. कल्याणप्पाच्या नावापुढं एकदाच आल्याची नोंद होती. त्यांनी डोळे मिटून तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. माणसं आठवली, हसणंही आठवलं, पण ते कुठल्या एका दिवसाचं नव्हतं. पुष्कळ दिवसांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला विचारलं, "मी असं बोलायचो का गं?"

प्रमोदिनीबाईंनी कप खाली ठेवला. "बोलायचात. मी आत स्वयंपाकघरात असायची. सगळं ऐकू यायचं."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते एकदा," त्या म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या.

चार दिवसांनी दत्तोपंत एकटेच धाराशिवच्या एस.टी.त बसले. घरी सांगितलं, बँकेत काम आहे. दुपारची गर्दी ओसरल्यावर ते तो जिना चढले आणि भिंतीकडच्या टेबलाशी बसले. कल्याणप्पानं त्यांना पाहिलं, नमस्कार केला, ताट लावलं. आधीसारखंच निगुतीनं वाढलं. दत्तोपंतांनी ताटात काही ठेवलं नाही.

बिल देऊन झाल्यावर त्यांनी पाकीट हातात धरलं आणि तसेच बसून राहिले. शंभर ठेवावेत तर जुनं देणं फेडल्यासारखं दिसेल. दहा ठेवावेत तर पुन्हा हिणवल्यासारखं. आयुष्यभर समोरच्यानं काय ठेवलं ते बघितलेलं; आपण ठेवायची वेळ आली तेव्हा हात चालेना. शेवटी त्यांनी कल्याणप्पालाच विचारलं, लोक साधारण किती ठेवतात.

"ज्याचं त्याला ठावं. कुणी दहा, कुणी वीस. कुणी कायबी न्हाय. आपण ताट बघून वाढायचं, पाकीट बघून न्हाय."

दत्तोपंतांनी वीसची नोट काढली. ती ताटलीत न टाकता ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

"कल्याणप्पा, तो दिवस मला अजूनही आठवत नाही. खोटं कशाला सांगू. पण मी तसं बोललोच असणार, कारण मी तसाच होतो. चुकलं माझं."

कल्याणप्पानं नोट घेतली, कपाळाला लावली आणि खिशात घातली. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी पाणी मागितलं. आणतो म्हणून त्यानं हात वर केला, पण जागचा हलला नाही.

"माझं म्या कवाच सोडून दिलं, महाराज," तो म्हणाला. "पर उमादेवी, माझी बायकू, त्या दिवशी पोरीला मांडीवर घिऊन शेजारी बसली हुती. तवापासनं तिनं तुळजापुरात पाय ठिवला न्हाय. पोरीच्या लग्नाचा नवस बी घरनंच हात जोडून फेडला."

दत्तोपंत म्हणाले, "माझं चुकलं, एवढं त्यांना सांगाल?"

"सांगतो की. तुम्ही आलता, म्हणून सांगतो." त्यानं खांद्यावरचं फडकं सारखं केलं. "ती तुळजापूरला येईल का न्हाय, ते मला सांगता यायचं न्हाय."

मग तो पाण्याचा जग घेऊन पलीकडच्या टेबलाकडं गेला. दत्तोपंत कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली रस्त्यावर आले.