कडू लेप आणि मालकांची नखं

आमच्या कारखान्यात दार कोपराने उघडायचा रिवाज आहे. नवख्याला वाटतं, काय ही उर्मट माणसं! पण आम्ही बनवतो नखं खाण्याची सवय मोडणारा लेप, आणि त्यातली पांढरी पूड अशी की चिमूटभर पिंपात पडली तर पिंपभर पाणी थुंकावं लागेल. रंग नाही, वास नाही, एवढ्याशा मात्रेत अपाय नाही, नुसती कडू. अंगाला चोळायच्या स्पिरिटातही ती घालतात, म्हणजे पोरं बाटली तोंडाला लावत नाहीत. रोग एकही बरा करत नाही, फक्त राखण करते. आणि राखणदाराला आपलं-परकं कळत नाही, जो भेटेल त्याला चिकटते. म्हणून कोपर.

हा रिवाज एका मालकांनाच ठाऊक नव्हता, कारण मिश्रणाच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. लेप वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने जमवला, बाटल्या वहिनींनी निवडल्या. मालकांच्या वाट्याला खुर्ची, दारावरची पाटी आणि काळजी. काळजी लागली की ते नखं कुरतडत. नखांचं मुद्दल कधीच संपलं होतं, हल्ली उगवेल तेवढ्या व्याजावर भागवत होते.

औषधदुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या खरेदीवाल्या बाई माल बघायला येणार होत्या. त्यांनी घेतला तर वहिनींचा लेप गावोगाव जाणार. नाही तर याच जागेत प्लास्टिकच्या बादल्या काढायला वहिनींचे दीर टपलेलेच होते.

त्या सकाळी वहिनींनी मालकांना खुर्चीत बसवलं आणि दहाही नखांवर लेपाचे जाड थर दिले.

"अहो, आज तरी बोटं तोंडात घालू नका. विकणाराच नखं खाताना दिसला तर ती बाई काय म्हणेल?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ असता तर एव्हाना सुटली असती सवय. आता वाळू द्या जरा."

वाळू द्यायचा धीर असता तर ते मालक कसले! बाई आल्या तसे हे पाघळले. शिपायाला बाजूला सारून स्वतः पुढे झाले, पेल्याची कड बोटाने पुसली, बिस्किटाचा पुडा फोडला, एकेक बिस्कीट हाताने बशीत मांडलं.

बाईंनी एक तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला, तर त्याची कडही त्याच जातीची. तशाच बेसिनकडे धावल्या.

"विष घातलंत की काय!"

"नाही हो बाई, आमचाच लेप आहे. यांच्या बोटांचा लागला," वहिनी टॉवेल घेऊन मागे धावल्या. "अपाय काही नाही. चव तेवढी जाता जात नाही."

बाईंनी चुळांवर चुळा भरल्या, ओठ पुसले आणि खुर्चीत टेकल्या. "माल खरा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचे नुसतं कडू म्हणून विकतात. काढा करार."

वहिनींचा जीव भांड्यात पडतोय, तोच 'कट्' असा आवाज आला. खिडकीपाशी मालक उभे होते. अंगठा तोंडात, मुद्रा प्रसन्न.

"तुम्हाला कडू लागत नाही?" बाईंनी विचारलं.

"लागतं की," मालक अंगठा न काढताच म्हणाले. "पहिल्यांदा फार लागलं. मग बसलं तोंडात."

बाईंनी पेनला टोपण लावलं. "लेबलावर लिहिलंय, लहानथोर सर्वांची सवय सुटते. आणि हे थोर माझ्यादेखत चघळताहेत!"

आम्ही सगळे वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"बाई, लेप चव देतो, अक्कल देत नाही," त्या म्हणाल्या. "पोराला कडू लागलं की ते बोट काढतं. मोठं माणूस कडूला सरावतं. मी नाही का सरावले?"

बाई फसकन हसल्या. "आमचे हे पेन्सिली खातात," त्या म्हणाल्या. "'लहानथोर' खोडा. 'फक्त मुलांसाठी' लिहा. मग सही."

लेबलं नवी छापली, माल रवाना झाला, दीर बादल्यांसाठी दुसरी जागा बघू लागले. काही दिवसांनी मालक मिश्रणाच्या खोलीत पहिल्यांदाच आले, तेही कोपराने दार ढकलत.

"अगं, एक बाटली घरी ने."

"सोडायचं मनावर घेतलंत वाटतं?" वहिनींनी विचारलं.

"छे गं," मालक म्हणाले. "नुसती नखं आता अळणी लागतात."