काठोकाठ प्याला

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळेचे मुख्याध्यापक बोलोतबेक आगाय, म्हणजे बोलोतबेक गुरुजी, गणिताच्या बुरुलकान बाईंना तीन वर्षं पाण्यात पाहत होते. वयानं मोठ्या म्हणून तोंडानं 'एजे', थोरली बहीण, म्हणत, एवढंच. कारण साधं होतं. आगाय बोलायला लागले की बाकीचे अकरा शिक्षक नंदीबैलासारख्या माना डोलवायचे, आणि बाई तेवढ्या विचारायच्या, ते का?

त्या सप्टेंबरात जिल्ह्याची तपासणी यायची होती. वर्ग बरे दिसले नाहीत तर दहावी-अकरावी बंद होणार, आणि पुढची शाळा चाळीस किलोमीटरवर. मुलगे कसेबसे जातील, मुलींना कोण धाडतंय? आगायांची स्वतःची लेक नववीत होती. त्या काळजीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून बैठकीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती काढली. प्रश्न विचारला की सगळ्या पोरांनी हात वर करायचा. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. शिक्षकानं उजव्यालाच उठवायचं. माना डोलल्या. इतिहासाचा तरुण एल्दियार तर म्हणाला की मी उद्यापासूनच तालीम घेतो.

"आणि डाव्या हाताचं पोर?" बुरुलकान बाई म्हणाल्या. "त्याला शिकवायचं कुणी?"

"एजे, आधी शाळा तर राहू द्या."

"माझ्या वर्गात हे होणार नाही, आगाय."

चहाचा समोवार आगायांच्याच हाताशी होता. आमच्याकडे ज्याला बसवून घ्यायचं त्याला चहा थोडाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. प्याला काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि निघा. आगायांनी बाईंचा प्याला काठोकाठ भरला. अकरा माना खाली गेल्या. बाईंनी एक थेंब न सांडता तो संपवला आणि जागच्या हलल्या नाहीत. त्याच दिवशी आगायांनी त्यांच्या बदलीचं पत्र लिहून खणात ठेवलं. तपासणी पार पडली की पाठवायचं.

तपासणीला आल्या त्या पिकल्या केसांच्या सायकाल एजे. एल्दियारच्या वर्गात प्रश्न पडताच झाडून सगळे हात वर. त्या किंचित हसल्या. त्याही अशाच एका गावच्या शाळेत शिकल्या होत्या. "मागच्या बाकावरची, डाव्या हाताची. तू सांग बाळ." पोरगीनं हात खाली घेतला. मग दुसरा डावा, मग तिसरा. दारात उभ्या आगायांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढचा तास बुरुलकान बाईंचा. तिथं वर गेले मोजून चार हात. तेवढ्यात एक मुलगी आपणहून उभी राहिली आणि म्हणाली की एजे, मला या ओळीच्या पुढं कळलंच नाही. बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं. ती दोनदा चुकली, कुणी हसलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. सायकाल एजे घंटा होईपर्यंत उठल्या नाहीत. जाताना त्यांनी सांगितलं की जिथं पोरं 'येत नाही' म्हणू शकतात ती शाळा मी बंद करणार नाही, पण ती हातांची तालीम पुन्हा दिसली तर माझ्याशी गाठ आहे.

आठवड्यानं एल्दियारनं राजीनामा दिला. राजधानीतल्या शाळेशी त्याचं वसंतातच ठरलं होतं. आगाय हबकले आणि तडक बुरुलकान बाईंच्या वर्गात गेले.

"एजे, तो तर माझ्या शब्दाशब्दाला हो म्हणायचा."

"ज्याला जायचंय त्याचं हो म्हणताना काय जातं?" बाई वह्या आवरत म्हणाल्या. "मला इथंच म्हातारं व्हायचंय, आगाय. म्हणून भांडते."

खणातलं पत्र आगायांनी त्या दुपारीच चुलीत घातलं. केवढी मोठी चूक आपण करणार होतो, हे त्यांना आता कळलं.

ऑक्टोबरात शिक्षकदिन आला. कणकेचे बोर्सोक तळले, जेवणाचं दस्तरखान अंथरलं. चहा खरं तर सर्वांत धाकट्यानं ओतायचा, पण आगायांनी किटली स्वतःकडे ओढली. त्यांनी मोठं भाषण ठरवून आणलं होतं, ते त्यांनी खिशातच ठेवलं.

"एजे, तुमचे उपकार आहेत. शाळेवर आणि माझ्यावर," एवढंच म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी प्याला पुढं केला. तळाला जेमतेम दोन घोट होते.

बाईंनी आत डोकावून पाहिलं. "एवढाच?"

"एवढाच."

त्यांनी तो पिऊन पुन्हा पुढं केला. त्या दुपारी आगायांनी त्यांना नऊ वेळा चहा ओतला, आणि एकदाही प्याला भरू दिला नाही.