चार बोटं उचला आणि सोडा

साहेब, मला बाजाराने मारलं नाही. तुम्ही मारलंत!

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना घरगुती संगणक आहे आणि हे माझ्या कंपनीच्या बड्या साहेबांना सुनावतोय. कंपनी बुडाली, साहेब तरले. म्हणून आवाज चढवावा लागतो.

इतर संगणक काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं काढून दमत होते, तेव्हा मी हजारो रंग दाखवायचो, सुरात गायचो. पण साहेबांनी मला खेळणं म्हणून विकलं. मग लोकांनी ऑफिसातला करडा ठोकळा संगणक घेतला. का? तर सगळे तोच घेतात!

मला घेतलं एका ताईने. तिचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा. वधूवरांची नावं पडद्यावर तरंगत आणणं हे माझं काम. लोक तेवढ्यासाठी कॅसेट मागे फिरवायचे.

खोड एकच. तापलो की पोटातल्या चिपा जागेवरून उठायच्या. मग ताई मला चार बोटं उचलून सोडायची. धप्प! चिपा जागेवर, मी कामावर. हा इलाज कंपनीनेच सांगितला होता. चूक साहेबांची, आदळआपट माझी.

पुढे कॅसेट गेल्या, मी माळ्यावर गेलो. काल ताईच्या धाकट्या भावाने मला खाली काढून वायर लावली. पडदा काळाच.

"मेलाय हा, ताई. भंगारवाला दारात उभा आहे, देऊन टाकू."

"अरे, माझं सगळं काम आहे त्याच्या फ्लॉप्यांत. दुसऱ्या कशावर ते उघडत नाही."

"कोण बघणारे आता?"

"चार बोटं उचल आणि सोड."

"वेड लागलंय का? फुटेल!"

"भंगारातच घालतोयस ना? मग फुटायची काय काळजी!"

भावाने वैतागून मला उचललं. चार बोटं कसली, चांगलं वीतभर! धप्प!

पडदा उजळला. आत राहिलेली फ्लॉपी कुरकुरली आणि सोनेरी अक्षरांत एक नाव तरंगत आलं. भावाचंच! मागोमाग त्याच्या बायकोचं.

तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग दाराकडे वळून ओरडला, "जा हो तुम्ही! भंगार नाहीये आमच्याकडे."

मित्रांनो, वस्तू बंद पडली म्हणजे मेली नाही. तिची खोड ओळखणारं माणूस आधी शोधा.

आणि साहेब, एकट्या ताईने मला जगवलं. तुमच्याकडे तर अख्खी कंपनी होती. तुम्हाला का जमलं नाही? खाली बघू नका. उत्तर द्या!